शेवटचे पन्नास उरेपर्यंत थांबायचं का?

दायमाबाद हे नाव पुरातत्त्वाची आवड असलेल्यांनाच ठाऊक असतं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी हे गाव आहे. १९७४ साली तिथं भिल्ल समाजातल्या एका माणसाला झुडपाचं खोड खणताना धातूची चार शिल्पं सापडली: बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, म्हैस, हत्ती आणि गेंडा. चारही मिळून साठ किलोंच्या वर वजन. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचे वाद आहेत, पण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा हा ऐवज असावा असं बहुतेक जण मानतात. तिकडे गुजरातेत लांघणजला ह. धी. सांकळिया यांच्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचं हाड निघालं. सोळाव्या शतकात बाबर पेशावरच्या बाजूला गेंड्यांची शिकार करत होता. म्हणजे आज आपण ज्याला आसामचा प्राणी समजतो, तो एके काळी सिंधूपर्यंत पसरलेला होता. आपल्या पश्चिमेकडून तो कधी संपला, शेवटचा कुणी मारला, याची कुठं नोंद नाही. त्या काळी नोंद ठेवण्यासारखं काही घडतंय असं कुणाला वाटलंच नसणार.

आज उलट आहे. आज एकेका गेंड्याला नाव असतं, त्याच्या पायाच्या ठशाची फाईल असते, तो मेला की जगभर बातमी होते. आणि तरीही तो संपत चालला आहे. या विरोधाभासाकडे नीट पाहिलं पाहिजे असं मला वाटतं. नोंद ठेवणं आणि हळहळणं आपल्याला जमायला लागलंय. वेळेवर निर्णय घेणं मात्र अजून जमलेलं नाही.

नाशकात बसून गेंड्याची काळजी कशाला, असं कुणीही विचारेल. विचारावंच. मी अन्नसाखळीचं शाळकरी उत्तर देणार नाही. जावा बेटावरचे उरलेसुरले गेंडे उद्या सकाळी नाहीसे झाले, तर गोदावरीचं पाणी बोटभरही कमी होणार नाही आणि लासलगावला कांद्याचा भाव रुपयानेही हलणार नाही. पण ते गेंडे पन्नासावर कसे आले, ही हकिकत मात्र आपल्या कामाची आहे. कारण तसाच एक हिशेब त्र्यंबकेश्वरजवळच्या आपल्या अंजनेरीच्या कड्यावर गिधाडांबाबतही चालू आहे, आणि तिथं अजून हातात वेळ आहे. त्याकडे येतोच.

आधी गेंड्यांचं बघू. जगात गेंड्याच्या पाच जाती उरल्या आहेत. आफ्रिकेत पांढरा आणि काळा. आशियात आपला एकशिंगी, जावाचा आणि सुमात्राचा. यातल्या तीन, म्हणजे काळा, जावाचा आणि सुमात्राचा, ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीत आहेत, जंगलातून नामशेष होण्याच्या आधीची ही शेवटची पायरी. पण त्या तिघांची अवस्था सारखी नाही. काळे गेंडे १९७० च्या सुमारास ६५ हजारांच्या घरात होते. १९९५ च्या आसपास ते अडीच हजारांच्याही खाली आले. तिथून ते सावरले आणि आता सहा हजारांवर गेले आहेत. जावाचे सुमारे पन्नास आहेत. सुमात्राचे तर पन्नासही नसावेत.

अशा आकड्यांनी माणूस खचतो. पण याच घराण्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचल्यावर निराश होण्याची सोय राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडचा पांढरा गेंडा जवळजवळ संपला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझीच्या परिसरात शंभराच्या आत जनावरं उरली होती. तो भाग राखला गेला. संख्या वाढली, मग १९६० च्या दशकात तिथले गेंडे पकडून इतर उद्यानांत, इतर देशांत नेऊन सोडले. आज जगात पंधरा हजारांच्या वर पांढरे गेंडे आहेत आणि ते जवळजवळ सगळे त्या मूठभरांचे वंशज आहेत. दुसरी गोष्ट आपली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काझीरंगात गेंडे इतके कमी झाले होते की बोटांवर मोजावेत. १९०५ मध्ये तिथं राखीव जंगलाचा प्रस्ताव झाला, १९०८ मध्ये ते राखीव झालं, पुढे अभयारण्य, १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०२२ च्या गणतीत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे निघाले. नेपाळ धरून जगात एकशिंगी गेंडे आता चार हजारांच्या आसपास आहेत आणि ही जात ‘अतिसंकटग्रस्त’च्या दोन पायऱ्या वर आहे.

या दोन्ही ठिकाणी काय केलं, ते पाहिलं तर त्यात हुशारीचं असं काही नाही. जागा राखली, राखणदार नेमले आणि शंभर वर्षं धीर धरला. गेंड्याची मादी पंधरा-सोळा महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन पिल्लांत साधारण तीन वर्षांचं अंतर. अशा जनावराला घाई समजत नाही. पाच वर्षांच्या योजनेत, दोन निवडणुकांच्या मधल्या काळात, काही दाखवता येत नाही. जमीन मात्र पहिल्या दिवसापासून अडकून पडते. म्हणून हा सगळ्यात खात्रीचा उपाय सगळ्यात नावडता आहे.

आता सुमात्राकडे या. हा पाचांतला सगळ्यात लहान, अंगावर लव असलेला, दाट जंगलात एकेकटा राहणारा गेंडा. एके काळी तो आपल्या ईशान्य भारतातही होता. १९८४ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं की काही जनावरं पकडून बंदिस्त जागेत त्यांची वीण करायची. पुढच्या बारा वर्षांत चाळीस गेंडे पकडले. त्यांना खायला काय घालायचं, नर-मादी कधी एकत्र आणायचे, हे धड कुणालाच माहीत नव्हतं. बरेचसे मेले. तिथं गर्भ राहून पिल्लू एकही झालं नाही. अखेर २००१ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं पिल्लू जन्मलं, अंदालास त्याचं नाव. बंदिस्त जागेत गर्भ राहून सुमात्राच्या गेंड्याला पिल्लू होण्याची ही शंभर वर्षांतली पहिली वेळ. अंदालासला २००७ मध्ये इंडोनेशियात नेलं, २०१२ मध्ये वे कंबासच्या केंद्रात त्याला पिल्लू झालं, मग त्या पिल्लालाही पिल्लू झालं. जमलं, पण तोवर जंगलातली संख्या पार घसरली होती.

यातली एक बाब मला सगळ्यात जास्त खटकते. या जातीची मादी बराच काळ नराविना राहिली की तिच्या गर्भाशयात गाठी होतात आणि ती वांझ होते. जंगल तुकड्या-तुकड्यांत उरलं की एका तुकड्यात एखादीच मादी, आणि नर दोन डोंगरांपलीकडे. म्हणजे कुणी गोळी झाडली नाही, कुणी फास लावला नाही, तरी जात संपत राहते. कागदावर मात्र तो गेंडा ‘जिवंत’ म्हणून मोजला जातो. मलेशियात नेमकं हेच झालं. तिथं २००८ मध्ये एक नर पकडला, मग २०११ आणि २०१४ मध्ये एकेक मादी. दोन्ही माद्या आजारी निघाल्या. इंडोनेशियाशी बीज-अंड्यांची देवाणघेवाण करायच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं रेंगाळल्या. मे २०१९ मध्ये तो नर गेला, नोव्हेंबर २०१९ मध्ये शेवटची मादी गेली आणि मलेशियातून हा गेंडा संपला. दोन शेजारी देशांच्या फाईली एकमेकांना भेटायच्या आत जनावरं संपली. सरकारी कामाची गती आपल्याला नवी नाही, पण एवढं महाग पडलेलं टेबल क्वचितच असेल.

जावाच्या गेंड्याच्या बाबतीत झालेली चूक वेगळी. तो एकाच ठिकाणी उरला आहे, जावाच्या पश्चिम टोकावर उजुंग कुलोन उद्यानात. व्हिएतनाममध्येही एक छोटा कळप होता. तिथला शेवटचा गेंडा २०१० मध्ये गोळी लागून मेलेला सापडला, शिंग कापून नेलेलं होतं. आता सगळी भिस्त एका टोकावर, तेही क्राकाटोआ ज्वालामुखीच्या समोर. १८८३ च्या स्फोटानंतर आलेल्या लाटांनी हा किनारा धुऊन काढला होता. लोक तिथून गेले, जंगल वाढलं आणि गेंडा टिकला. २०१८ मध्ये त्याच समुद्रात पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा नशिबाने गेंडे वाचले. दुसरी एखादी सुरक्षित जागा तयार करून थोडे गेंडे तिकडे न्यावेत, ही चर्चा कितीतरी वर्षांची आहे. पण जनावरं वाढताहेत, कॅमेऱ्यात पिल्लं दिसताहेत, मग घाई कशाला, असं चाललं होतं. कागदावर संख्या सत्तरच्या वर गेली होती. आणि २०२४ मध्ये उघड झालं की शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी २०१९ ते २०२३ या काळात २६ गेंडे मारल्याचं कबूल केलंय. जगातल्या सगळ्यात नजरेत असलेल्या कळपातली एक तृतीयांश जनावरं गेली आणि पहारेकऱ्यांना पत्ता नाही. कॅमेरे होते. पायी गस्त घालणारी माणसं पुरेशी नव्हती, किंवा होती ती चुकीच्या वाटेवर होती.

आणि मग उरतो उत्तरेकडचा पांढरा गेंडा. १९ मार्च २०१८ रोजी केनियात ओल पेजेटा इथं सुदान नावाचा त्यांचा शेवटचा नर गेला. नाजिन आणि फातू या मायलेकी तेवढ्या उरल्या आहेत. दोघींनाही गर्भ पेलवत नाही. फातूच्या अंड्यांपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करायचे, दक्षिणेकडच्या मादीच्या पोटात वाढवायचे, असा प्रयत्न चालू आहे. २०२४ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की अशा पद्धतीने एका मादीला गर्भ राहिला होता, मात्र तो दक्षिणेकडच्याच जातीचा, चाचणी म्हणून. ती मादी जिवाणूंच्या संसर्गाने मेली, तेव्हा गर्भ सत्तर दिवसांचा होता. मी विज्ञानाच्या विरोधात नाही. हे काम अफाट आहे आणि चालू राहावं. पण याची बातमी वाचताना आपल्याला जो दिलासा वाटतो, तो धोक्याचा आहे. ‘शास्त्रज्ञ काहीतरी करतील’ असं म्हटलं की जमिनीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. उद्या पिल्लू झालंच, तर ते सोडायचं कुठं? ज्या चाड, सुदान, काँगोच्या गवताळ रानांतून त्याचे पूर्वज बंदुकांनी संपवले, तिथं आजही शांतता नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाच्या मनात एव्हाना एक व्यापारी प्रश्न आला असेल आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. शिंगासाठीच मारतात ना गेंडा? मग शिंग कायदेशीर विका. नखासारखंच ते केराटिनचं, कापलं की पुन्हा वाढतं. गेंडे पाळा, दरवर्षी शिंग उतरवा, बाजारात ओता. आवक वाढली की भाव पडतो, हे लासलगावच्या पोराला शिकवावं लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतला जॉन ह्यूम नावाचा उद्योजक नेमकं हेच म्हणत होता. त्याने सुमारे दोन हजार पांढरे गेंडे पाळले, कोर्टात लढून देशांतर्गत विक्रीवरची बंदी उठवून घेतली आणि २०१७ मध्ये शिंगांचा लिलाव मांडला. गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. कारण खरं गिऱ्हाईक चीन-व्हिएतनामला, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराला १९७७ पासून बंदी. खर्च झेपेना, शेवटी २०२३ मध्ये ‘आफ्रिकन पार्क्स’ या संस्थेने ते सगळे गेंडे विकत घेतले आणि हळूहळू जंगलात सोडायचं ठरवलं.

‘मग आंतरराष्ट्रीय बंदीही उठवा’ असं म्हणणारे आहेत. इथं कांद्याचा हिशेब लागू पडत नाही, किंवा लागू पडतो तो वेगळ्याच अंगाने. कांदा घेणारा तो खातो. चार दिवसांत पुन्हा बाजारात येतो. शिंग घेणारा ते औषध म्हणून उगाळतो, पण त्याहून जास्त ते मिरवायला घेतो, साहेबाला भेट द्यायला घेतो, आणि काही जण तर भाव चढेल म्हणून नुसतं साठवून ठेवतात. चाळीत कांदा भरून तेजीची वाट बघणाऱ्याला निदान कांदा सडण्याची भीती असते. शिंग सडत नाही. ते साठवणाऱ्याच्या दृष्टीने गेंडा संपला तर उत्तमच, त्याच्याकडचा माल सोन्याहून पिवळा होईल. अशा बाजारात आवक वाढवून भाव पाडता येईल यावर माझा विश्वास नाही. त्यातून आशियाई शिंगाला आफ्रिकेच्या शिंगाहून जास्त भाव येतो. म्हणजे आफ्रिकेतलं पाळीव शिंग बाजारात आलं तरी जावातल्या शिकाऱ्याचा धंदा बसणार नाही, उलट कायदेशीर मालाच्या आडून चोरीचा माल खपवणं त्याला सोपं होईल. चीनने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ही बंदी थोडी सैल करायचं जाहीर केलं होतं, जगभर ओरड झाल्यावर पाऊल मागे घेतलं. मागे घेतलं ते बरं झालं.

शिंगाच्या बाबतीत एक उपाय मात्र आकड्यांनिशी टिकला आहे, तो म्हणजे मालकांनी स्वतःच शिंग कापून टाकणं. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंडे मारले गेले होते, २०१४ मध्ये १,२१५. इतकी झपाट्याने वाढलेली कत्तल थोपवायला हेलिकॉप्टर, कुत्रे, ड्रोन, अटकसत्र, सगळं झालं. तिथल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या अभ्यासात, जो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, असं दिसलं की शिंगं कापल्यावर शिकार ७८ टक्क्यांनी घटली. बिनशिंगाचा गेंडा बघायला बरा वाटत नाही, खरंय. पर्यटक नाराज होतात. होऊ देत. शिवाय खुंट्यासाठीही मारणारे आहेतच आणि शिंगं दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापावी लागतात, त्यामुळे यानेही राखणदाराची गरज संपत नाही. आसामने वेगळा मार्ग धरला. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी खजिन्यात साठलेली २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली. हे भंगार आहे, याला किंमत नाही, असं सांगण्याची ती रीत. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, आसामात एकही गेंडा शिकारीत गेला नाही. नुसत्या होळीने हे झालं असं मी म्हणणार नाही. दोनशेहून जास्त गस्ती चौक्यांत, पुराच्या पाण्यात पाय कुजवत उभी राहिलेली माणसं त्यामागे आहेत.

काझीरंगाचं कौतुक करून पुढं निघून जाणं सोपं आहे, पण मग लेख अप्रामाणिक होईल. तिथं वनरक्षकांना गोळी झाडल्याबद्दल खटल्यापासून कायदेशीर संरक्षण मिळालेलं आहे, २०१० पासून. २०१६ मध्ये उद्यानाच्या कडेची वस्ती हटवताना पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली. गेंडा वाढतो तेव्हा कुणाच्या तरी शेतात उतरतो, कुणाचं तरी गवत, कुणाचा तरी मासेमारीचा डोह बंद होतो. हे नुकसान कुणाचं? दिल्ली-मुंबईत गेंड्याच्या चित्राचे टी-शर्ट घालणाऱ्यांचं नक्कीच नाही. निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. रात्री मोटार सुरू करायला बांधावर जायचं आणि बिबट्या कुठं बसलाय ते ठाऊक नाही, असं जगणाऱ्यासमोर वन्यजीवप्रेमाचं भाषण केलं तर तो ऐकून घेईल, पण मानणार नाही, आणि त्याचं चुकत नाही.

तरी यावरून ‘जंगल राखणं म्हणजे गरिबाला हाकलणं’ असा सरसकट निष्कर्ष काढणारे मला पटत नाहीत. आसामातल्याच मानस उद्यानाचं उदाहरण घ्या. बोडो आंदोलनाच्या धामधुमीत तिथले ऐंशी-शंभर गेंडे एकूण एक मारले गेले, चौक्या जळाल्या, युनेस्कोने १९९२ मध्ये ते धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. शांतता आल्यावर स्थानिक बोडो तरुणांनीच गस्तीची पथकं उभी केली, काही जण तर आधी शिकार करणारेच होते. २००८ पासून काझीरंगा-पोबितोराचे गेंडे तिथं सोडले, आणि २०११ मध्ये युनेस्कोने मानसला त्या यादीतून काढलं. तिथं जंगल राखण्याची नोकरी जंगलाशेजारच्या माणसाला मिळाली. जिथं ही नोकरी बाहेरच्या बंदुकवाल्याला मिळते आणि गावाला फक्त नोटीस मिळते, तिथं गेंडा आज वाचला तरी उद्याचं सांगता येत नाही.

आता अंजनेरी.

गिधाडाचं आणि गेंड्याचं एका बाबतीत साम्य आहे: दोन्ही हळू वाढणारे. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. १९८० च्या दशकात भारतात गिधाडं कोट्यवधी होती, इतकी की कुणी ती मोजायच्या भानगडीत पडत नसे. मग गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक दिलं जाऊ लागलं. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. काळा गेंडाही इतक्या वेगाने कोसळला नव्हता, आणि यात एकही शिकारी नाही. कारण २००४ मध्ये कळलं, २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. दोन वर्षं म्हणजे आपल्याकडे विजेचा वेग. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मेडिकलमध्ये मिळतच राहिल्या आणि गोठ्यात जातच राहिल्या. बाटलीचा आकार तीन मिलिलिटरवर आणायला २०१५ उजाडलं. असेच घातक ठरलेले असेक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन बंद व्हायला २०२३. मेलॉक्सिकॅमसारखा निर्धोक पर्याय या सगळ्या काळात उपलब्ध होता. गिधाडं गेल्याने मेलेली जनावरं उघड्यावर कुजली, भटकी कुत्री वाढली. २००० ते २००५ या काळात यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त दगावली असावीत, असा हिशेब २०२४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला. गेंड्याच्या वेळी मी म्हटलं होतं की आपल्या खिशाला झळ लागणार नाही. गिधाडाच्या बाबतीत ती लागून गेली, फक्त बिल कुणी वाचलं नाही.

नाशिक जिल्ह्यात गिधाडं अजून आहेत, ही साधी गोष्ट नाही. अंजनेरीच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी उपाहारगृह चालवलं, म्हणजे औषध न दिलेली मेलेली जनावरं ठरावीक जागी ठेवायची व्यवस्था, आणि ती गावकऱ्यांच्या मदतीशिवाय एक दिवसही चालली नसती. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेदला जटायू पडला अशी श्रद्धा आहे. तिथं आपण नारळ फोडतो. अंजनेरी हनुमानाचं जन्मस्थान की किष्किंधा, यावर २०२२ मध्ये नाशकात साधूंचा रीतसर वाद झाला. कड्यावरच्या गिधाडांवर मात्र कुणी वाद घालत नाही, त्यांची बाजू मांडायला पीठ नाही.

अंजनेरीवर आणखी एक जीव आहे, ज्याला डोळे नाहीत आणि ज्याच्यासाठी कुणी टी-शर्ट काढणार नाही. सेरोपेजिया अंजनेरिका, कंदीलपुष्पाच्या कुळातली एक छोटी वनस्पती. २००६ मध्ये शास्त्राला तिची ओळख झाली. गेंड्यासारखीच तीही ‘अतिसंकटग्रस्त’. तिची भिस्त आपल्या डोंगरांतल्या पठारी गवतावर आहे, जशी जावाच्या गेंड्याची उजुंग कुलोनवर. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला म्हणून आपण निर्धास्त झालो, आणि काही वर्षांतच गडावर थेट गाडीने जाता यावं म्हणून रस्त्याचा प्रस्ताव आला. लोकांनी विरोध केला, तो मागे पडला. मग रोपवेची चर्चा. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि कुंभाच्या नावाखाली काय-काय मागे पडलेलं पुन्हा टेबलावर येतं, हे साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय निघाला तेव्हा शहराने पाहिलं.

मलेशियाने एकेक मादी सापडेपर्यंत वाट पाहिली, जावाने टोळ्यांचा कबुलीजबाब येईपर्यंत. आपल्यापुढे प्रश्न आहे तो गिधाडं अजून डझनांनी मोजता येत असताना काय ठरवायचं. माझं म्हणणं सरळ आहे: अंजनेरीच्या कड्यापर्यंत जाणारा रस्ता आणि दोरवाट, दोन्ही कायमचे बाद करावेत आणि तसं लेखी जाहीर करावं, म्हणजे दर पाच वर्षांनी नवा पालकमंत्री आला की तोच प्रस्ताव नव्या नकाशासह येणार नाही. जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून आणि मेडिकल दुकानांतून बंदी असलेली औषधं जातात का, याची अचानक तपासणी व्हावी, निदान त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या तालुक्यांत. हे काम रस्त्याच्या एका वळणाच्या खर्चात वर्षभर होईल.

‘भाविकांचं काय, म्हाताऱ्यांनी दर्शन घ्यायचंच नाही का’ हा प्रश्न येणार, आणि तो खोटा नाही. अंजनीमातेच्या देवळापर्यंत माणसं पिढ्यान्‌पिढ्या पायी चढत आली आहेत; ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी पालखी-डोलीची नीट व्यवस्था करता येते. पायथ्याच्या पाड्यांतल्या महादेव कोळी, ठाकर पोरांना ते काम मिळावं, पावती देवस्थान किंवा वनखात्याची असावी, आणि त्याच पोरांतल्या काहींना विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, कड्याखाली लक्ष ठेवायचा पगार मिळावा. पगार महिन्याच्या महिन्याला मिळावा, कारण मानसला बोडो तरुण टिकले आणि इतर कितीतरी ठिकाणी राखणदार सोडून गेले, यातला फरक बऱ्याचदा एवढाच होता.